पाठवणीची स्टेशन वॅगन

आमच्याकडे लहानपणी अमेरिकन स्टेशन वॅगन होती असं मी सांगितलं की हल्लीची मुलं विचारतात, "म्हणजे कुठल्या स्टेशनवर जायची?" मग मला मुळापासून सुरुवात करावी लागते. इथेही करते, कारण ती गाडी डोळ्यांपुढे आल्याशिवाय आम्ही दोघं म्हातारी भावंडं सांगलीहून उठून थेट तलासरीला का गेलो, हे कुणालाच कळायचं नाही.

आमचे वडील डॉक्टर. धरणाच्या कामावर आलेला एक अमेरिकन इंजिनियर मायदेशी परतताना आपली गाडी विकत होता, आणि वडिलांना हौस फार. हौसेला मोल नसतं असं ते म्हणायचे. मोल काय असतं ते आईला ठाऊक होतं. गाडी गल्लीत आली तेव्हा तिचं तोंड आमच्या दारात आणि शेपूट शेजारच्यांच्या दारात होतं. दोन्ही अंगांना लाकडी फळ्यांसारखे पट्टे. ते लाकूड नव्हतंच, नुसता देखावा होता, तरी शेजारच्या काकूंनी आईला वाळवीचं औषध मारून घ्यायला सांगितलं. वडिलांनी तिचं नाव ठेवलं 'गलबत'. गियरचा दांडा स्टिअरिंगजवळ, त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघं आरामात बसत. मधल्या बाकावर चौघं. आणि सगळ्यात मागे, फळी खाली पाडून आत शिरलं की तिसरा बाक लागायचा, मागे तोंड करून बसायचा.

तो बाक माझा आणि दादाचा. वडील पुढून ओरडायचे, "ते बघा देऊळ!" पुढचे सगळे बघून मोकळे होत आणि मग ते देऊळ आमच्या हद्दीत यायचं. आम्हाला प्रत्येक गोष्ट उशिरा दिसायची, पण पुष्कळ वेळ दिसायची. गावं, पूल, उसाच्या गाड्या, रस्त्यात हात करणारी पोरं, सगळं हळूहळू लहान होत जायचं. पुढे तेलाचे भाव भडकले आणि गलबत विकावं लागलं. दादा दोन वेळा जेवला नाही. आजही रस्त्यात एखादी जुनी लांबलचक गाडी दिसली की तो मान वळवून बघतो, आणि त्याची मान आता पूर्वीसारखी वळत नाही.

तर झालं असं, की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने एक फोटो टाकला. अहमदाबाद हायवेवर, तलासरीजवळ, त्याच्या पुढे चाललेल्या गाडीचा. लाकडी पट्ट्यांची स्टेशन वॅगन, मागची काच उघडी, आणि आत मागच्या बाकावर मुंडावळ्या बांधलेली एक नवरी सरळ कॅमेऱ्याकडे बघत बसलेली. दादाचा लगेच फोन. "सुमे, बॅग भर."

वहिनीची हरकत नव्हती. "जा, पण जाताना आहात तेवढेच परत या. गाडी घेऊन येऊ नका," एवढंच ती म्हणाली. दादाला ती गाडी विकत नको होती. त्याला फक्त एकदा चालवायची होती, आणि मला त्या बाकावर बसायचं होतं. आमचं एवढंच मागणं होतं, आणि त्यापायी आम्ही एका मुलीचं लग्न अडचणीत आणलं.

डहाणू

तलासरीच्या अलीकडे डहाणूला आम्ही एका चिकूच्या वाडीत उतरलो. आमच्या मुलखात द्राक्षाच्या बागा असतात, त्यांत माणूस सतत काळजीत. औषध मारलं का, ढग आले का, गारा पडतील का. इथे चिकूच्या झाडाखाली सगळे निवांत. झाडं दाट, सावली गार, आणि लांब बांबूला जाळी लावून फळं उतरवणारी माणसं एकमेकांशी गप्पा मारत काम करतात. पहिल्या दिवशी मी झाडाखाली पडलेला एक चिकू पुसून तोंडात टाकला आणि संध्याकाळपर्यंत माझे ओठ एकमेकांना चिकटून होते. वाडीच्या मालकीणबाई हसून म्हणाल्या, "पडलेला नाही, पिकवलेला खायचा असतो, ताई. घरात करंडीभर आहेत, सांगायचं ना." दादाने हे सांगलीत फोन करून सगळ्यांना कळवलं.

सकाळी नीरा, दुपारी तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलांचं कालवण. बोंबील इतका मऊ की चावायला काही उरतच नाही. माझ्या कवळीने देवाचे आभार मानले. संध्याकाळी सुरूच्या झाडांतून समुद्रावर गेलो. ओहोटी होती. डहाणूचा समुद्र ओहोटीला इतका लांब जातो, की तो परत येईल असं वाटत नाही. दादा पाण्याकडे न बघता वाळूत काठीने गाडी काढत बसला होता. चाकांचं अंतर चुकलं म्हणून त्याने ती दोनदा पुसली.

मालकीणबाईंना फोटो दाखवला तेव्हा त्यांनी गाडी क्षणात ओळखली. पूर्वी इथल्या बड्या वाडीवाल्यांकडे अशा गाड्या असत, त्या म्हणाल्या. आठवडाभर मागे चिकूच्या करंड्या भरून स्टेशनवर न्यायच्या आणि रविवारी त्याच जागी पोरं भरून समुद्रावर. बाकीच्या सगळ्या गेल्या. ही एक राहिली, ती शेठने आपल्या ड्रायव्हरला देऊन टाकली म्हणून. "आता त्याचा मुलगा, रमणभाऊ, चालवतो. तलासरीत कुणालाही विचारा, लग्नाची गाडी म्हणून."

तलासरी

आमच्याकडे ज्याला वडाप म्हणतात तशी एक जीप पकडून आम्ही तलासरीला उतरलो. वाटेत डाव्या हाताला एका झोपडीबाहेर मडकी उलटी घालून जाळात ठेवलेली दिसली. ड्रायव्हरने सगळ्या प्रवाशांच्या संमतीने गाडी थांबवली आणि आम्ही उंबाडियू खाल्लं: कंद, रताळी, पापडीच्या शेंगा, सगळं त्या मडक्यात आपल्याच वाफेवर शिजलेलं, वर हिरवी चटणी. रायगडाकडची पोपटी मी खाल्ली आहे, त्याच घराण्यातलं हे, पण मसाल्याला गुजरातचा हात. शेजारी बसलेला माणूस पहिलं वाक्य माझ्याशी मराठीत, दुसरं ड्रायव्हरशी गुजरातीत आणि तिसरं फोनवर हिंदीत बोलला, आणि तिन्ही वाक्यांत तो चटणी तिखट असल्याचंच सांगत होता.

रमणभाऊंचं घर नाक्यापासून जवळच. साठीचे, गोल चेहऱ्याचे, कपाळाला गंध. त्यांनी अंगणातली ताडपत्री ओढली आणि दादा जागच्या जागी उभा राहिला.

गाडी गलबताची सख्खी बहीण होती, फक्त संसाराने थकलेली. रंग पिस्त्यासारखा हिरवा. बाजूच्या लाकडी पट्ट्यांवर गावातल्या पेंटरने नव्याने लाकडाच्या रेषा काढल्या होत्या आणि जाता जाता कोपऱ्यात एकेक कमळही काढलं होतं. पुढचे दिवे टेम्पोचे. पण तो लांब बाक, तो दांडा, ती मागची खाली पडणारी फळी, सगळं जागेवर. दादाने बॉनेटवर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले. रमणभाऊ चहा सांगायला आत गेले, ते मला आवडलं.

चहा पिताना मी त्यांना त्या फोटोतल्या नवरीबद्दल विचारलं. नवरीला मागे का बसवता?

"मी कुठे बसवतो, ताई? त्याच बसतात," रमणभाऊ म्हणाले. "माझ्या बापाने पहिल्यांदा उधव्याच्या बाजूला एका लग्नाला गाडी नेली ना, तेव्हा पुढे जागाच नव्हती. नवरीला मागे बसवली. पोर निघाली, ती आख्ख्या वाटेने घराकडे बघत निघाली. वळण येईपर्यंत आई दिसते, बाप दिसतो, मांडव दिसतो. मग दुसरीने सांगितलं, मला पण तिथेच. आता त्या पाड्यांवर रीतच झाली. घर डोळे भरून बघून निघाली की पोर सासरी रडत नाही असं म्हणतात बाया. आणि इकडचे पण, गाडी वळणाआड जाईपर्यंत मांडवातून कुणी हलत नाही."

आमच्याकडे नवरीने मागे वळून बघू नये म्हणतात. मी तसं सांगितल्यावर रमणभाऊंनी विचार केला आणि ते म्हणाले, "वळून कुठे बघते? ती तर सीधीच बघते."

दुसऱ्याच दिवशी उधव्याजवळच्या एका पाड्यावर लग्न होतं. मुलगी सुनीता, तिला झरीला दिलेली. तिच्या आईने, जमनाबाईने, लग्न ठरण्याआधीच गाडी सांगून ठेवली होती. "पहिली माझी तारीख घेतात, मग मुहूर्ताची," रमणभाऊ अभिमानाने म्हणाले. आम्हीही यावं असा त्यांनी आग्रह केला. आणि दादाने आयुष्यभर मनात धरलेली गोष्ट विचारली तेव्हा किल्ली सरळ त्याच्या हातात दिली. "चालवा ना, काका. नाक्यापर्यंत जाऊ. मला लग्नासाठी हार पण घ्यायचे आहेत."

त्याआधी दादाने गाडी पुसायला घेतली. सासुरवाशीण माहेरी आल्यासारखा तो तिचे लाड करत होता. क्रोमच्या पट्ट्या चकाकल्या, काचा लखलखल्या. टाकीच्या झाकणावर कुणीतरी एक मळकी चिकटपट्टी लावली होती, तिच्यावर काहीतरी लिहून पुसट झालेलं. "असली सुंदर गाडी आणि ही ठिगळं," असं म्हणत दादाने ती नखाने खरवडून काढली आणि खाली रॉकेलचा हात फिरवला.

मग तो चालवायला बसला, रमणभाऊ शेजारी, आणि मी मागची फळी पाडून, गुडघ्यांना शिव्या देत, उलट्या बाकावर. गाडी हलली आणि तलासरी माझ्यासमोरून मागे मागे जायला लागली. किराणा दुकान, बांगड्यांची गाडी, सायकलवर गवताचा भारा नेणारा माणूस, सगळं आधी मोठं आणि मग लहान. मी लहानपणी करायचे तसा त्या गवतवाल्याला हात केला. त्याने सायकल सांभाळत मलाही केला. मला इतका आनंद झाला, की सहासष्टाव्या वर्षी असा आनंद होऊ शकतो हे लिहून ठेवलं पाहिजे म्हणून लिहिते आहे.

गाडीचा आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा येत होता. मी तसं ओरडून सांगितलं. "अमेरिकन इंजिनाचा आवाज भरदारच असतो," दादा पुढून ओरडला. त्याचं कानाचं यंत्र त्याच्या खिशात असतं, हे इथे सांगायला हवं.

नाक्यावर रमणभाऊ हार घ्यायला उतरले. समोरच पंप होता. दादा म्हणाला, एवढं प्रेमाने गाडी देणाऱ्या माणसाला आपण काय देणार, निदान टाकी तरी भरून देऊ. पंपावरच्या माणसाने विचारलं, "काय टाकू?" आणि दादा चाळीस वर्षं बँकेत सह्या केलेल्या अधिकाराने म्हणाला, "पेट्रोल. फुल्ल."

मी टाकीपासून हातभर अंतरावर बसले होते. मी ऐकलं, बघितलं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गलबत पेट्रोलच प्यायचं. अमेरिकन गाड्या परवडेनाशा झाल्यावर इकडच्या मंडळींनी त्यांची पोटं कापून आत डिझेलची इंजिनं बसवली, म्हणून तर ही गाडी आजवर जगली, हे आमच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. आमच्या डोक्यातली गाडी अजून सांगलीच्या गल्लीत उभी होती.

रमणभाऊ हार घेऊन आले. गाडी हायवेवर थोडी गेली, दोनदा शिंकली, आणि एका ढाब्यासमोर गप्प झाली. रमणभाऊंनी झाकण उघडून वास घेतला. मग झाकणावरची, चिकटपट्टी होती ती, स्वच्छ चकचकीत जागा बघितली.

"काका," ते हळू आवाजात म्हणाले, "इथे मी 'डिझेल' लिहून ठेवलं होतं."

दादाने खिशातून कानाचं यंत्र काढून लावलं, आणि लावल्यावर त्याला फार वाईट वाटलं.

ढाबा

ती दुपार आम्ही ढाब्याच्या बाजेवर काढली. रमणभाऊंचा ओळखीचा मेकॅनिक आला, नळी टाकून टाकी उपसायला बसला, आणि गाडीखालून त्याचे फक्त पाय दिसत राहिले. दादा दर थोड्या वेळाने त्या पायांना विचारायचा, "होईल ना?" पाय म्हणायचे, "बघतो." आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात तसं, सारखं चालू करून बघण्यात बॅटरीही बसली.

तेवढ्यात उधव्याकडे जाणारी एक जीप थांबली आणि तिच्यातून एक बाई उतरली. हातात बांगड्यांचं पुडकं, डोक्यावर साडीच्या पिशव्या. बॉनेट उघडं बघून ती धावतच आली. ती जमनाबाई.

"काय झाला गाडीला, भाऊ? उद्या येल ना?"

रमणभाऊंनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "येईल. थोडं काम आहे."

पण दादाला खोटं सोसत नाही. त्याने उठून सगळं सांगितलं, पट्टी काढल्यापासून. जमनाबाईने ऐकून घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी आली ना या पाड्यावर, ती ह्याच गाडीनं आली," ती म्हणाली. "पोरीला लहानपणापासून सांगितला हाय, तुला पण तशीच पाठवीन. नवऱ्याकडचे पांढरी नवी गाडी आणणार हायेत, एसीवाली. त्यात बसवली की काचा बंद, तोंड पुढे. माझी पोर घराकडे बघणार कशी?" मग पिशव्या पुन्हा डोक्यावर घेऊन दादाला म्हणाली, "तुमी जेवलं का, काका?"

दादा त्या रात्री जेवला नाही.

उधव्याचा पाडा

उधव्याकडचा रस्ता चढणीचा. दोन्ही बाजूंना पळस फुललेला, भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली, मधूनच शिंदीच्या झाडाला लटकलेलं मडकं. एरवी मी या वाटेवर पाच पानं लिहिली असती. पण लग्नाची सकाळ उजाडली तरी गाडी दुरुस्त झाली नव्हती, आणि आम्ही ट्रॅक्टरमागे दोर बांधून ओढल्या जाणाऱ्या स्टेशन वॅगनमध्ये बसलो होतो आणि मेकॅनिक इंजिनाचे अर्धे भाग मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसला होता. त्याला निसर्गाबद्दल काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गाडी मांडवाजवळ उभी करून ट्रॅक्टर पाण्याची टाकी आणायला गेला, लग्नाचा खोळंबा नको म्हणून. मांडव जांभळीच्या डहाळ्यांचा. एकीकडे बाया लग्नाची गाणी म्हणत होत्या, दुसरीकडे बँडवाला आपला लाउडस्पीकर तपासत होता, आणि या दोन्हींच्या मध्ये मेकॅनिक पान्याने काहीतरी ठोकत होता. आम्ही अपराध्यासारखे कडेला उभे, तर दोन मुलींनी हात धरून पंगतीत नेऊन बसवलं. भात, तुरीची पातळ डाळ, सुक्या बोंबलांची चटणी. आमच्या लग्नांत वाढणारा विचारतो, "आणखी घेणार?" इथे विचारण्याची पद्धत नाही, वाढतात. दादाने तीन वेळा भात घेतला, प्रायश्चित्त म्हणून असावा.

लग्न लागलं. उन्हं कलली. झरीची मंडळी घड्याळं बघायला लागली. पांढरी गाडी फुलं लावून तयार होती, तिचा ड्रायव्हर एसी चालू करून बसला होता. मेकॅनिक म्हणाला, इंजिन जोडलं आहे, डिझेल आलं आहे, पण बॅटरीत जीव नाही, आणि ओढायला ट्रॅक्टर अजून परतलेला नाही.

नवऱ्यामुलाचे काका पुढे आले. "चला, आता आमच्या गाडीत बसा. उशीर होतो."

सुनीता मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. लहानखुरी, पण आवाज खणखणीत. "मी थांबते," ती म्हणाली.

"किती थांबणार?"

"चालू होईपर्यंत."

जमनाबाई मुलीकडे बघत होती, मुलगी गाडीकडे, आणि दादा जमिनीकडे. मग नवरामुलगा, दिनेश, ज्याच्या तोंडून मी दिवसभरात एक शब्द ऐकला नव्हता, त्याने गळ्यातला हार पाठीवर टाकला आणि बाह्या वर केल्या. "उतार हाय ना," तो म्हणाला. "धक्का मारू."

मग काय विचारता! रमणभाऊ स्टिअरिंगवर, सुनीता आणि तिची धाकटी बहीण रंजना उलट्या बाकावर, मागची काच पूर्ण उघडी. आणि मागे आख्खा पाडा. बाप, चुलते, मामा, बँडवाले, वाढपी, दादा आणि मी. जमनाबाई सगळ्यांत मधे, फळीवर दोन्ही हात टेकून. एक म्हातारी मांडवातून ओरडली, "आईनं मांडवाच्या पुढे जायचा नाय! रीत नाय!"

"मी कुठे जाते? गाडी ढकलते!" जमनाबाई तिकडे न बघता म्हणाली.

गाडी जडच. पहिल्यांदा हललीच नाही. मग इंचभर. मग हळूहळू. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे ढकलणारे आणि ती नवरी, समोरासमोर आहोत. इतक्या वर्षांत त्या बाकावरून निघालेल्या पोरींनी घर लहान लहान होताना बघितलं असेल. सुनीताचं घर तिच्याबरोबर चालत येत होतं, धापा टाकत, घामेजून, वीतभर अंतरावर. तिने बापाच्या कपाळावरचा घाम आपल्या पदराने पुसला. मामाला म्हणाली, "मामा, कंबर सांभाळ." चुलतीचा गजरा पडत होता तो बसवून दिला. एकेकाचं नाव घेऊन एकेकाशी बोलली, सगळ्यांना पुरेल एवढा वेळ होता. मग आईची पाळी आली. फळीवर टेकलेल्या आईच्या हातांवर तिने आपले हात ठेवले आणि ते तसेच राहिले. मी शेजारीच होते. मला रडू आलं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

वळणाच्या अलीकडे उतार वाढला. रमणभाऊंनी क्लच सोडला. गाडीला एक हिसका बसला, एक ढेकर आली, आणि काळ्या धुराचा लोट सोडून इंजिन धडधडायला लागलं. हात सुटले. सगळे ओरडले, बँडवाल्यांनी वाद्यं वर राहिल्याची आठवण होऊन कपाळाला हात लावला.

"थांबवू नका! बंद पडेल!" मेकॅनिक किंचाळला. रमणभाऊंनी थांबवली नाही. आणि नवरामुलगा मागेच राहिला होता.

दिनेश धावला. हार पाठीवर उडतोय, एक चप्पल वाटेत, आणि समोर उलट्या बाकावर त्याची बायको पोट धरधरून हसते आहे. रंजना आणि सुनीता दोघींनी हात पुढे केले आणि त्याला बखोटीला धरून आत ओढलं. तो सुनीताशेजारी मागे तोंड करून पडला, आणि मग आमच्याकडे बघून त्यानेही हात केला. पांढरी गाडी रिकामीच मागोमाग गेली, एसी चालू ठेवून. लाकडी पट्टे वळणाआड गेले तरी तो गिरणीचा आवाज डोंगराला लागून बराच वेळ ऐकू येत होता.

आम्ही परत चढायला लागलो. दादाचा सदरा पुढून पूर्ण काळा झाला होता. तो जमनाबाईजवळ गेला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, माझ्यामुळे तुमच्या लग्नात हा गोंधळ झाला. माफ करा."

जमनाबाई वाटेतली जावयाची चप्पल उचलून झटकत होती.

"मी निघाली ना, तेव्हा गाडी एका किल्लीत चालू झाली," ती म्हणाली. "बापाचा तोंड बघला, तोवर वळण आला. आईचा राहूनच गेला." तिने चप्पल पदराखाली घेतली. "रंजीचा लगीन करीन तवा तुमी या, काका. येताना पेट्रोल घालूनच आणा."